स्टॅम्पाचे पैसे

फौजेतून निवृत्त झाल्यावर लालासाहेबांनी आपल्या फंडातले पैसे विट्याच्या अमृतला उसने दिले. दोघं एकाच तालमीत वाढलेले, त्यामुळं पैसे मिळाल्याची साधी चिठ्ठी, बाकी शब्दावर. अमृतनं कोइमतुरात सोनं गाळायचं दुकान टाकलं, ते बुडालं, आणि त्यानं फोन उचलणंच बंद केलं. शेवटी दाव्याची तीन वर्षांची मुदत संपायच्या तोंडावर लालासाहेबांनी कोर्टात वसुलीचा दावा लावला. कोर्ट फीचे स्टॅम्प कमी पडले. उरलेले भरायला कोर्टानं महिनाभर दिला.

त्याच महिन्यात लालासाहेबांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाईंनी स्टॅम्पासाठी ठेवलेले पैसे साताऱ्याच्या दवाखान्यात भरले. वकिलांचा फोन आला तो उशिरा.

"फी न भरल्यामुळं दावा फेटाळला, बाई. नवा लावावा तर तीन वर्षंही उलटून गेलीत."

नवऱ्याला सांगायचा त्यांना धीर होईना. "तारीख पुढं गेली," एवढंच म्हणत राहिल्या.

एका दुपारी अमृत दारात उभा. राजेश्वरीबाईंचं तोंड कडू झालं.

"सुटला म्हणून पेढं घिऊन आला व्हय, भावजी?"

"तसं न्हाई, वैनी. कोर्टात चौकशीला गेलो, तवा लाला आजारी पडल्याचं कळलं." तो लालासाहेबांच्या खाटेशी टेकला. "दावा फेटाळला, गड्या. पर मी तुजं बुडवायचो न्हाई. तोंड दावायची लाज वाटत हुती..."

लालासाहेबांनी बायकोकडं पाहिलं.

"स्टॅम्पाचं पैसं दवाखान्यात गेलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाई."

लालासाहेब अडखळत म्हणाले, "बरं... केलंस." आणि अमृतकडं वळून, "लय वाळलास रं."

अमृतला हुंदका आवरला नाही.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. विट्यात दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे. जमेल तेवढे पैसे वैनींच्या हातावर ठेवतो, कधी रिकामाच येतो. अजून बरंच येणं आहे. लालासाहेबांच्या काखेत हात घालून तो त्यांना अंगणात चालवतो.

"पडलो तर उचलशील का रं?"

"तुला तालमीत कवा उचलता आलं न्हाई," अमृत म्हणतो. "आता बगू."