सातव्या महिन्यातली मोळी

साहेब, माझी मोकळी झालेली कंबर पुन्हा धरली ती तुमच्यामुळं.

तुम्ही आरोग्य तपासणीला आमच्या ऊसतोडीच्या तळावर आलात. पोटुशा बायांना ओळीनं बसवून सांगितलंत: कंबरेला कोमट शेक घ्या, डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, वजन उचलू नका. मी ऐकलं. कोपीत, पाचटाच्या झोपडीत, उशी कुठली? गोधडीची गुंडाळी ठेवली. सासूनं, रंगुबाईनं, तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधली आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली.

"पाठीलाच हां, पोटाला न्हाई. आन् रेश्मा, कळा यायला लागल्या, न्हाईतर पानी गेलं, तर शेकत बसायचं न्हाई. थेट दवाखाना."

"व्हय, आत्या."

"चटका बसतोय का?"

"तुमच्या बोलन्यापरीस कमीच हाय."

म्हातारी खुदकन हसली. हळूहळू कंबर सुटली, झोप लागू लागली.

मग तुम्ही पुन्हा आलात. बरं वाटतं का, विचारलंत. मी हो म्हणाले. तेवढ्यावर तुम्ही मुकादमाला हाक मारलीत, "बघा, घरच्या उपायानं बाई ठणठणीत!" आणि गाडीत बसून गेलात.

तोवर मी खाली बसून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होते, उसाच्या मोळ्या माझा नवरा वाहत होता. मुकादमानं तुमचा शब्द झेलला. "साहेबच बोललेत. चल, मोळी घे डोक्यावर."

घेतली. ट्रकला लावलेल्या फळीवर निम्म्यात गेले आणि कंबरेतून अशी सणक आली की पुढचं पाऊल उचलेना. मोळी खाली फेकली, म्हणून मी वाचले.

"नाटकं करती!"

"मुकादम, मंग तुमीच उचला. पोटाला गोधडी मी बांधून देते."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अजिनाथनं, माझ्या नवऱ्यानं, पडलेली मोळी डोक्यावर घेतली. "तिच्या वाटची मी नेतो. ती वाढंच बांधंल."

"साहेबालाच इचारतो," मुकादम गुरगुरला.

"इचारा. मी बी इचारनार हाय."

म्हणून विचारते. त्या दिवसापासून मी मोळीला हात लावलेला नाही, बाळंत होईपर्यंत लावणारही नाही. वजन उचलू नका, हे तुम्हीच आम्हा बायांना सांगितलंत. मग मुकादमासमोर नेमकं तेवढंच का गिळलंत? तळावर या, त्याच्या तोंडावर बोला: पोटुशीनं मोळी उचलायची की नाही?