कोड जाऊबाईंच्या फोनवर

वडीगोद्रीला हायवेवर लग्नपत्रिकेचं दुकान मी आणि जाऊबाईंनी मिळून टाकल्तं. मंग घरात वाटणी निघाली, भाऊ-भाऊ भांडले आणि जाऊबाई जालन्याला निघून गेल्या. दुकान माझ्याकडं राह्यलं, बोलणं मात्र कायमचं बंद झालं.

परवा कॉम्प्युटरमध्ये नवीन सिस्टीम टाकली, तर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अडूनच बसलं. म्हणे, हे मशीन ओळखीचं न्हाई, मोबाईलवर येईल तो कोड टाका. आणि तिथं नोंदवलेला मोबाईल नंबर कोणाचा, तर जाऊबाईंचा! फोन तर मी बिलकुल करणार नव्हते. रागारागात नुसतं 'कोड पाठवा' दाबलं. मेसेजात सॉफ्टवेअरचं नाव असतं, त्यांना कळलं तर कळलं.

जरा वेळानं माझ्या फोनवर त्यांचे सहा आकडे आले. कशी आहेस म्हणून न्हाई की काही न्हाई. मी ते टाकले आणि अर्धी राह्यलेली पत्रिका उघडली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची उशी तशीच होती. वेलांटी चुकली, तरी "डोळे कुठं ठेवलेस गं?" म्हणायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं बराबर चालू होतं. तरी सेटिंगमध्ये जाऊन मी परत 'कोड पाठवा' दाबलं. आकडे आले. ते कुठंच टाकले न्हाईत, नुसती बघत बसले.

आज पुन्हा दाबलं. या वेळी आकड्यांखाली एक ओळ होती.

"मीना, आता तिथं तुझा नंबर टाकून घे."