अर्धा हुकूम

आजोबांनी मशीनचं झाकण उघडलं, कपड्यांच्या ओल्या पिळ्यात हात घातला आणि नातीच्या जॅकेटच्या खिशात टणक काहीतरी लागलं. पांढरी डबी, साबणाच्या वडीपेक्षाही लहान. उघडली तर आतून पाणी गळलं. नातीचे बिनवायरीचे इयरफोन फेसात बसले होते. आजोबा त्यांना मुद्दाम कानातले म्हणायचे, कारण त्यावर नात चिडायची. आज मात्र थट्टा सुचली नाही.

पोरीने तीन महिने तळमजल्यावरच्या दोन कार्ट्यांना गणित शिकवून ते मिळवले होते. गणित सोपं, कार्टी अवघड, असं तिचंच म्हणणं.

झालं होतं असं, की सकाळी क्लासला पळताना तिने दारातूनच ओरडून सांगितलं, "आजोबा, जॅकेट टाका!" आदल्या संध्याकाळी बाटली सांडून ते भिजलं होतं. तिला म्हणायचं होतं, वाळत टाका. आजोबांनी धरलं, धुवायला टाका. आता आपल्या भाषेत टाकण्याला काय तोटा आहे? वाळत टाकतात, धुवायला टाकतात, भंगारात टाकतात, अडगळीत टाकतात. त्यातल्या शेवटच्याबद्दल आजोबांना हल्ली बरंच कळायला लागलं होतं.

आणि हे कुणाच्या हातून व्हावं? चौतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली त्या माणसाने. खाली माणसं, वर टनावारी लोखंड. तिथे एक नियम होता. खालून अर्धवट इशारा आला तर लिव्हरला हात लावायचा नाही, पुन्हा विचारायचं. नव्या पोरांना हा नियम आजोबाच घोकून घ्यायला लावत. आज त्यांनीच तो मोडला. आवाज आला, उचललं, टाकलं. खिसेसुद्धा चाचपले नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हातून नळ उघडा राहिला होता आणि खालच्यांच्या छताला ओल आली होती. तेव्हा मुलगा एका शब्दाने बोलला नाही. नुसता गोड झाला. त्या गोडीगोडीत आधी गॅस बंद झाला, मग दुकानात जाणं, मग दाराची किल्लीही त्याने स्वतःकडे ठेवली. प्रत्येक वेळी एकच पालुपद, बाबा, तुम्ही आराम करा. आरामाने माणूस किती दमतो हे कुणी विचारलं नाही. शेवटी मशीन तेवढं उरलं. तेही गेलं की खिडकीतली खुर्ची आणि समोरची भिंत.

सुनेने डबी पाहिली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं. दोघं कुजबुजले, पण कुजबुज अशी की जिन्यात ऐकू जावी. ठरलं असं, की सुनेने आपल्या हातून झालं म्हणायचं. बाबांचं नाव नको. वय झालंय, पोरगी काही बोलली तर उगाच मनाला लावून घेतील. आणि उद्यापासून मशीन मुलगा लावेल. बाबांना त्रास नको.

चांगल्या मनाने केलं हो सगळं, आणि तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं, चांगल्याशी कसं भांडणार? गप्प बसले असते तर आजोबा नामानिराळे राहिले असते. पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी नात आली. टेबलावरची डबी तिने पाहिली आणि चेहरा उतरला. सून पुढे झाली. म्हणाली, माझ्या हातून झालं गं, खिसा बघायचा राहिला.

"खोटं आहे," आजोबा म्हणाले. "मी टाकलं. मीच खिसा बघितला नाही."

त्यांच्या पाठीमागून मुलाने पोरीला डोळ्यांनी खुणावलं. पोरगी शहाणी, तिने ओळखलं. तळमजल्यावरची कार्टी रडायला लागली की त्यांना समजावताना ती जो आवाज काढायची, तो काढून म्हणाली, "जाऊ दे, आजोबा. चालतं."

हे मात्र आजोबांना झोंबलं.

"काय चालतं? तीन महिने घसा फोडलास आणि चालतं? हेच तुझ्या बापाने केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस. माझ्या वाट्याचा राग कुठे लपवतेस?"

मुलगा म्हणाला, बाबा, शांत व्हा, तब्येत बिघडेल. तेव्हा आजोबा त्याच्याकडे वळले.

"नळाच्या वेळी तुलाही राग आला होता. तू तो गिळलास आणि माझी एकेक गोष्ट काढून घेत गेलास. बंदरावर माणूस चुकला की त्याला सगळ्यांदेखत झापायचे, तीन दिवस घरी बसवायचे आणि चौथ्या दिवशी परत क्रेनवर चढवायचे. शिक्षेला शेवट असतो. तुझ्या या माफीला शेवटच नाही."

मग पोरीचा बांध फुटला.

काय काय बोलली ती. खिसा बघायला काय जातं, शेंबडं पोरही बघतं. वर्गात सगळ्यांकडे होते, तिलाच कुणी आणून दिले नव्हते, तिने स्वतः मिळवले होते, आणि आता पुन्हा त्या दोन राक्षसांना भागाकार शिकवायचे का? बोलता बोलता ती रडली, रडता रडता टेबलावर हात आपटला, आणि शेवटी मुद्द्यावर आली. कळलं नव्हतं तर विचारलं का नाही?

आजोबांनी मान्य केलं. विचारायला हवं होतं. पण मग तू अर्धंच का बोललीस? ती म्हणाली, ओल्या जॅकेटचं काय करतात हे कुणालाही कळतं. ते म्हणाले, कुणालाही म्हणजे कुणाला, मला कळलं नाही ना? आवाज चढले. सून मध्ये पडायला आली, पण दोघांपैकी कुणीच तिच्याकडे बघितलं नाही. चार महिन्यांत त्या घरात आजोबांशी कुणी असं भांडलं नव्हतं.

पोरीने बाहीला नाक पुसलं. "आठ दिवस मशीनला हात लावायचा नाही."

मुलाला हायसं वाटलं. म्हणाला, मी तरी दुसरं काय म्हणत होतो?

"तुम्ही कायमचं म्हणत होतात, पप्पा. ही शिक्षा आहे. नवव्या दिवशी मशीन परत त्यांचं. तोवर सगळ्यांचं धुणं मी करणार, कारण अर्धं मीच बोलले."

आजोबा म्हणाले, आठ जास्त होतात, बंदरावर तीन असायचे. ती म्हणाली, आठ. ते म्हणाले, बरं पाच, आणि नवे इयरफोन मी स्वतः दुकानात जाऊन आणणार, बरोबर कुणी नको. ती म्हणाली, ते तर आणायचेच आहेत.

"आठ म्हणजे आठ. आणि नवव्या दिवशी उशिरा उठलात तर आणखी दोन."

हा शुद्ध अन्याय आहे, असं आजोबांनी मुलाला आणि सुनेला आळीपाळीने ऐकवलं. मग मोबाइल घेऊन नातीच्या खोलीच्या दारात गेले आणि नवव्या दिवसाचा गजर कसा लावायचा ते विचारलं. ती अजून फुगलेलीच होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, तुमचं तुम्ही लावा.

आजोबा तिथेच दारात उभं राहून चष्मा शोधायला लागले.