दुपारचा पाहुणा

बाराच्या ठोक्याला शरच्चंद्रांनी दुसरा कप भरला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. कपाचा कानही तिकडेच वळवला, धरायला सोपं जावं म्हणून.

विसरलेली फाइल न्यायला घरी आलेली गंधाली दारातच थबकली.

"बाबा, कोण येणार आहे?"

"आला. बसून राहिला."

नवा रायपूरच्या त्या वसाहतीत दुपारी कुत्रंही फिरकत नसे. सहा पदरी रस्ता, आणि कोणासाठी कोण जाणे, लाल-हिरवा होत राहणारा सिग्नल. बाबांना करमावं म्हणून गंधालीने आपल्या इतिहासाच्या पाठाची प्रुफं त्यांना तपासायला दिली होती. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात एकेकटे राहणारे ख्रिस्ती तपस्वी. भर दुपारी त्यांच्याकडे सैतान यायचा. सूर्य जागचा हलतच नाही असं वाटायला लावायचा, सारखं दाराबाहेर डोकवायला लावायचा आणि म्हणायचा, ऊठ, आपल्या माणसांत जा. उपाय एकच: खोली सोडायची नाही.

शरच्चंद्रांनी शुद्धलेखनाच्या चुका सोडून बाकी सगळं मनावर घेतलं होतं.

"रोज एकच बोलते हा. बूढापाऱ्याले चाल, मंदाकिनी वाट पाहून राहिली."

आई जुन्या रायपुरातल्या त्या बूढापाऱ्याच्या घरातच वारली, त्याला दोन वर्षं झाली. त्या भाड्याच्या घराची चावी उद्या परत द्यायची होती. बाबा ती सदऱ्याच्या खिशातून काढत नव्हते.

"सैतान खोटं बोलतो, बाबा. पाठात लिहिलंय मी."

"वाचलं. पण तुह्या त्या साधूंले बायका नव्हत्या."

गंधाली पाणी प्यायला आत गेली. परत आली तेव्हा समोरचा कप रिकामा होता, खुर्ची मागे सरकलेली होती आणि बाबांचा खिसा सपाट.

"चावी कुठंय?"

"त्याले देली. म्हटलं, मले तं खोली सोडता येत नाही. तूच जाऊन ये."

गंधालीने टेबलाखाली पाहिलं, गादी उलटली, डाळीच्या डब्यातही हात घातला. फाइल राहिली बाजूलाच. सव्वा वाजता बूढापाऱ्याचे घरमालक गंगाधर यांचा फोन आला.

"दीदी, काकाजी आए हैं क्या? ऊपर का ताला खुला है. दरवाज़े की कुंडी अंदर से लगी है, बातें सुनाई दे रही हैं."

गंधालीने बाबांकडे पाहिलं. ते प्रुफांवर वाकले होते. पेन्सिल मात्र एका ओळीवर थांबली होती.

"विचार गंगाधरले," ते मान वर न करता म्हणाले, "एकाचाच आवाज आहे, का दोघांचा?"