फुग्याच्या आठ कळ्या

धाकट्या सुनेला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतिणीला आतली खोली दिली, म्हणून ह्यांची खाट बाहेरच्या खोलीत आली, थोरल्या नातीच्या टेबलाला अगदी खेटून.

ह्यांनी पन्नास वर्षं पत्र्याचं काम केलं. नरसाळी, धुराडी, हवेचे नळ. आता मोठ्या दुखण्यानंतर पायांतला जोर गेला होता, जिभेतला नव्हता. मी टोप्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायचे. साठी उलटल्यावर ह्याच नातीनं मला अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहू शकतेय.

नातीला हे 'टिचकी' म्हणत. लहानपणी ती ह्यांच्या प्रत्येक पत्र्यावर टिचकी मारून आवाज ऐकायची. मोठी झाल्यावर ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला शिकली आणि तेव्हापासून दोघांचं बिनसलं. "खेळ बनवणं हे काय काम झालं?" हे विचारायचे. ती पडद्याकडे तोंड फिरवायची.

दोन कंपन्यांनी तिला नोकरीसाठी आधीच नाही म्हटलं होतं. तिसरीनं परीक्षेला एक काम दिलं. खेळात आकाशातून जाणारा मोठा फुगा करायचा, खाली टोपली, टोपलीत माणसं. फुग्यावर लाल-पांढऱ्या चौकडीचं कापड. शुक्रवारी चारच्या आत पाठवायचं. तिघांतून एकाला घेणार होते.

गुरुवारी सकाळी मी चहा द्यायला गेले, तर ती डोकं धरून बसलेली. पडद्यावर फुगा होता. पोटावरच्या चौकटी ताणून भल्यामोठ्या झालेल्या आणि शेंड्याकडे चिरडून मुंग्यांएवढ्या.

"आजी, सपाट कापड गोल वस्तूवर बसतच नाही गं."

"न बसायला काय झालं? चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर बसवलंय मी. आठ कळ्या कर आणि जोड."

आणि मी ऐटीत वर्तमानपत्र घेऊन कापायला बसले. दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये रुंद, अशा आठ कळ्या. कडा पट्टी लावून सरळ कापल्या. चिकटवल्या. उचलून बघितलं, तर फुगा कसला, दोन्हीकडून तासलेली पेन्सिल!

खाटेवरून हसू आलं. दवाखान्यातून आल्यापासून हे पहिल्यांदाच हसले होते.

"नरसाळ्याला नरसाळं चिकटवलंय हिनं. अगं, शिवलंस तू, पण कापणारा मास्तर वेगळा होता ना?"

खरंच होतं. कळ्या माझ्या हातात कापूनच यायच्या. त्यांची कड कशी असते, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"मग तुम्ही दाखवा कापून," टिचकी फणकाऱ्यानं म्हणाली.

मला वाटलं, आता वाजणार दोघांचं. पण हे कोपरावर रेलून उठले. "दोरा आण. आणि जुळ्यांसाठी कुणीतरी चेंडू आणलाय ना, तो आण. आधी कागद, मग पत्रा."

चेंडूच्या शेंड्यापासून बुडापर्यंत ह्यांनी दोरा टाकला. दोन-दोन बोटांवर खुणा केल्या. कागदावर तेवढीच लांब उभी रेघ मारून त्याच खुणा तिच्यावर उतरवल्या. मग प्रत्येक खुणेपाशी चेंडूला आडवा दोरा गुंडाळायचा, आणि त्या दोऱ्याची चार वेळा निम्मी घडी घालायची.

"सोळावा भाग!" टिचकी म्हणाली.

"आकडा मला माहीत नाही. एवढं रेघेच्या डावीकडे, एवढंच उजवीकडे. आता ठिपके जोड."

ठिपके जोडले, तशी कड बाहेर फुगत आली, आणि कागदावर लांबट पान उमटलं. तशी आठ पानं कापून चेंडूवर चिकटवली. एक सुरकुती पडली नाही.

टिचकीनं चेंडू पडद्याशेजारी ठेवला. खुर्ची ओढली आणि पडद्यावरच्या फुग्याचे आठ शिवणींवर तुकडे केले, सपाट पसरले, त्यांवर चौकडी घातली, पुन्हा जोडले. चौकटी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या. फक्त शिवणीवर एकमेकींशी जुळेनात. तिचा चेहरा उतरला.

"टोपीच्या जोडावर आम्ही वरून पट्टी मारायचो," मी म्हणाले. ह्या वेळी मला पक्कं माहीत होतं.

तिनं आठही शिवणींवरून जाड दोर सोडले आणि थेट टोपलीला बांधले. जोडही झाकले आणि टोपलीही टांगली गेली.

"टोपलीचा कठडा बुटका आहे," हे म्हणाले. "एवढ्या उंचीवर माणसं पडतील."

"आजोबा, ती खोटी माणसं आहेत."

"पडायला खरं लागतं होय?"

तिनं कठडा वाढवला आणि शुक्रवारी साडेतीनला काम पाठवलं.

सोमवारी दुपारी फोन आला. तिला घेतलं होतं. अशा कळ्या पाडायला कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. "घरी. आजोबा पत्र्याचं काम करतात," ती म्हणाली. 'करायचे' म्हणाली नाही, हे ह्यांनी बरोबर ऐकलं. पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "टिचकीचं आणि माझं काम एकच. तिचे हात तेवढे काळे होत नाहीत."

जुळ्यांना पहिला दात आला त्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, हे वारले.