उष्ट्या हळदीचा उजेड

“थांब माय, वाटी खाले ठेव.”

कंचनबाई एवढंच बोलल्या, पण मालेगावच्या त्या मांडवात सनईवाल्याचा सूर घशातच अडकला. पुढे आठवडाभर त्याने तोंड उघडलं की पीं वाजायचं. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा.

एक तर कंचनबाई विधवा. स्वतःच्या किराणा दुकानातला गूळ पोचवायला आलेल्या, मांडवाबाहेर उभ्या. त्यात हळद साधी नव्हे, उष्टी. जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथे, नवरदेवाला लावून उरलेली, नवरीसाठी पाठवलेली. ती अडवणं म्हणजे लग्नच अडवणं. नवरी प्रयाग पाटावर बसलेली आणि तिची आई मनकर्णाबाई वाटी धरून गोठलेली.

नवरदेवाचे काका इंद्रभान पुढे आले. इंझोरीचा हा माणूस बोलण्याआधी त्याची मिशी बोलायची.

“काहून वो शेठाणी? सोयरीक मोडाले आल्या का?”

“हळद लय पिवळी हाय, भाऊ.”

“मंग का निळी आणाव?”

मांडव हसला. कंचनबाई हसल्या नाहीत. त्यांचे यजमान इंदरचंद दारं-भिंती रंगवायचा शिशाचा पिवळा रंग विकत, पुड्या हाताने बांधत. त्या विषाने आधी त्यांच्या पोटात कळा आल्या, मग हिरड्यांवर निळी रेघ उमटली, शेवटी मनगटं अशी गळाली की पेला उचलेना. तो पिवळा कंचनबाई झोपेतही ओळखत. हळद झगझगीत दिसावी म्हणून लबाड व्यापारी तोच मिसळतात, असं त्यांनी सांगितलं. इंद्रभानांनी हळद बाजारातून मुद्दाम झगझगीत पाहूनच आणली होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पुरावा मागितला.

कंचनबाईंनी दुकानातून स्पिरिट, दोन काचेच्या बाटल्या आणि आपली घरी कांडलेली हळद आणवली. एका बाटलीत घरची चिमूट, दुसरीत वाटीतली. माजघराची दारं लावून घेतली. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एकच तिरीप आत येत होती. घरची बाटली तिरिपेत धरताच पिवळं पाणी आतून हिरवं पेटलं, जसा काजवा बाटलीत कोंडावा. दुसरीत तो उजेड आजाऱ्यासारखा मिणमिणला. मग दोन्हीतलं पाणी ओतून, पुन्हा स्पिरिट घालून कंचनबाईंनी गाळ धुतला. घरच्या हळदीचा गाळ फिका पडला. दुसरा तसाच राहिला, पिवळाधमक आणि जड; हळदीचा रंग स्पिरिटात उतरतो, शिशाचा नाही.

इंद्रभानांनी ती बाटली उचलून तळ उन्हात धरला. या वेळी मिशीच्या आधी माणूस बोलला.

“घरी याच हळदीचं वरण खाऊन राह्यले लेकरं,” ते हळूच म्हणाले.

“फेकून द्या. अन् नवरदेवाले आंघोळ घाला. माही हळद त्याले लावा, उरली ते इकडं आणा. उष्टीच होईन ना?”

तोड सोपी होती. पण बायकांत कुजबुज सुरू झाली. विधवेच्या हातची हळद, ती पहिल्यांदा नवरा-नवरीच्या अंगाला? कोणी तरी दुसऱ्या दुकानातून आणा म्हणालं. कंचनबाईंनी ऐकलं. घराबाहेर येऊन त्यांनी हळदीचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि त्या मागे सरकल्या.

मनकर्णाबाईंनी डबा उचलला नाही. त्या उंबरा ओलांडून बाहेर गेल्या आणि ओंजळ पुढे केली.

“तुमच्या हातानं द्या, बाई. माही पोरगी हाय ते.”

कंचनबाईंनी ओंजळ भरली. इंद्रभान स्वतः ती हळद घेऊन जानोशाकडे गेले. मुंडाशातला रुबाबदार माणूस, पण चालला असा, जणू तान्हं बाळ नेतोय.

उष्टी परत आली, प्रयाग माखली. सनईवाल्याने सूर पुन्हा धरला, जमेल तसा. कोणी बोलावलं नसताना प्रयाग पाटावरून उठली, बाहेर आली आणि कंचनबाईंच्या पायांवर वाकली. पांढऱ्या लुगड्याच्या काठाखाली, दोन्ही पावलांवर तिची पिवळी बोटं उमटली.

कंचनबाईंनी काही आशीर्वाद दिला असेल. सनईत ऐकू आला नाही. त्या दुकानाकडे निघाल्या. रस्ता धुळीचा, पावलं हळदीची. ती म्हातारी कडेकडेने, गवतावरून, एकेक पाऊल जपून टाकत गेली.