कच्ची वही

"हा जबाब नऊ वर्षांच्या मुलीचा आहे," निल्दाबाई म्हणाल्या. "यात तिचे स्वतःचे शब्द कोणते, त्यांच्याखाली रेघ मारा."

नगरपालिकेच्या सभागृहात बावीस जण बसले होते. शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, सरकारी वकील, पोलीस. लैंगिक अत्याचार झालेलं मूल समोर आलं तर कुणी काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे सगळ्यांना एकत्र शिकवायला मानसतज्ज्ञ निल्दाबाई राजधानी असुन्सियोनहून आल्या होत्या. पाच दिवसांच्या शिबिराचा आज तिसरा दिवस.

इल्देफोन्सो ओवेलार यांनी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीला ओळखला. नावं काळ्या शाईने झाकलेली होती, पण परिच्छेदाआधी सात जागा मोकळ्या सोडायची पद्धत त्यांचीच. गावच्या पोलीस ठाण्यात एकतीस वर्षं ते जबाब लिहून घेत होते. येत्या मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते.

माणसं बोलत ग्वारानीत आणि कागद लागे स्पॅनिशमध्ये. ओवेलार आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने बोलणं जसंच्या तसं उतरवून घेत, मग टंकयंत्रापुढे बसून त्याचं कोर्टात शोभेल असं स्पॅनिश करत. फाफटपसारा काढून टाकत. त्यांच्या भाषेबद्दल एका न्यायाधीशांनी एकदा भरकोर्टात कौतुक केलं होतं.

"रेघ मारायची कशाखाली?" समोर बसलेली परिचारिका एउलालिया म्हणाली. "'सदर इसमाने आस्थापनेचे प्रवेशद्वार बंद करून मज भयग्रस्त केले.' माझी नात नऊ वर्षांची आहे. ती 'आस्थापना' म्हणाली ना, तर मी आधी तिचा ताप बघेन."

टेबलाभोवती हशा पिकला.

"पढवलेली पोर दिसतेय," डॉक्टर म्हणाले.

"बचावाचा वकील अगदी हेच म्हणाला," सरकारी वकील लिदिया मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "दुकानदार सुटला. आम्ही अपील केलंय, एकवीस तारखेला सुनावणी आहे. पण नवीन असं हातात काही नाही. आणि तो अजून तिच्याच गल्लीत दुकान चालवतोय."

ओवेलारांच्या शेजारी ठाण्याचे हवालदार रोतेला बसले होते. कागद त्यांनीही ओळखला होता. त्यांनी टेबलाखालून ओवेलारांचा गुडघा दाबला.

मधल्या सुट्टीत रोतेलांनी त्यांना पडवीत गाठलं.

"काका, तोंड उघडू नका."

"ती खोटं बोलली नव्हती, रोतेला. शब्द माझे होते."

"माहितेय मला. पण एकदा का तुम्ही हे बोललात, की तुमच्या हातचा एकेक जबाब उकरतील. त्यांच्यावर जे तुरुंगात गेलेत ते सगळे वकील करतील. तुमचं तर जाईलच, आमचंही जाईल. चार महिने राहिलेत. गप घरी जा, कोंबड्या पाळा."

"ती तेवढंच बोलली नव्हती," ओवेलार म्हणाले. "मी काही गाळलंय."

"मग गाळलंत ते गाळलंत."

ओवेलार सभागृहात परतले नाहीत. दोन गल्ल्या चालत घरी गेले. पलंगाखालच्या पेटीत वह्या वर्षांनुसार लावलेल्या होत्या. हवी ती शोधायला फार वेळ लागला नाही. परत आले तेव्हा निल्दाबाई दुसरा धडा सुरू करत होत्या. ओवेलार बसले नाहीत.

"बाई, मघाचा कागद माझा आहे," ते म्हणाले. "मुलीला कुणी पढवलं नव्हतं. ती काय म्हणाली ते इथे आहे."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. सरकारी कामात एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते लोकांसमोर ग्वारानीत वाचत होते.

"'तो दार लावायचा. मग मी वरच्या फळीवरच्या डब्याकडे बघत बसायची. डब्यावर कोंबडा आहे. त्याचा एक पाय खरवडलाय. तो पाय मी मनातल्या मनात रंगवून पुरा करायची, तोवर दार उघडायचं.'"

एउलालियाने पुढ्यातला कागद उलटा करून ठेवला.

"हे का गाळलंत?" निल्दाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला वाटलं, डब्याचा गुन्ह्याशी काय संबंध."

लिदिया मॅडम उठून त्यांच्याजवळ आल्या. वहीवरची तारीख त्यांनी दोनदा पाहिली. "ही नोंद दुकानावरच्या धाडीआधीची आहे, आणि धाडीत जप्त केलेल्या सामानाचे फोटो आमच्याकडे आहेत," त्या हळू म्हणाल्या. "तो डबा त्यात असणार. पण काका, तुम्हाला कोर्टात उभं राहावं लागेल. ते तुम्हाला सोलून काढतील. पेन्शनचीही चौकशी लागेल."

"मुलीला पुन्हा बोलवाल?"

"ही वही मान्य झाली तर बोलवायची गरज नाही."

"मग घ्या," ओवेलार म्हणाले. वही देताना त्यांनी पानात बोट ठेवलेलं होतं. ते काढायला त्यांना एक क्षण लागला.

दुपारी ऊन तापलं तसे ठाण्याचे चौघे नेहमीप्रमाणे आंब्याखाली तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायला बसले. ओवेलार आपल्या खुर्चीवर येऊन बसले. रोतेला थर्मासमधून शिंगाच्या एकाच पेल्यात थंड पाणी ओतत होते आणि तो पेला पाळीपाळीने एकेकाच्या हाती देत होते. ज्याला पुरे झालं तो 'आभार' म्हणतो, मग त्याची पाळी येत नाही. ओवेलार काही म्हणाले नव्हते. पेला त्यांच्या उजव्या हाताच्या माणसाकडे गेला, तिथून रोतेलांकडे परतला, पुन्हा भरला आणि डाव्या हाताच्या माणसाकडे गेला. फेरी पुन्हा सुरू झाली. ओवेलार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, थर्मासमधलं पाणी संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.